बिस्किटांच्या डब्यातल्या निगेटिव्ह

मागच्या अंकात मी वाचकांना विनंती केली होती, की दिवाळीच्या आवराआवरीत जुने फोटो, निगेटिव्ह, अल्बम हाती लागले तर टाकून देण्याआधी एकदा मला विचारा. बरीच पत्रं आली. मी १९७४ साली, सोळाव्या वर्षी, सांगलीत माझ्या उस्तादांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभा राहिलो आणि १९७८ पासून २०१२ पर्यंत स्वतःचा स्टुडिओ चालवला. आता लोकांच्या घरच्या निगेटिव्ह स्कॅन करून देतो. त्या हातानं जे शिकलो तेवढंच इथं सांगतो.

प्रश्न : वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह आणि नंतरच्या याशिकाच्या छोट्या पट्ट्या, असा बिस्किटांचा डबाभर ऐवज आहे. घरच्या प्रिंटर-स्कॅनरवर ठेवल्या तर नुसता काळा ठोकळा येतो. दुकानदार म्हणाला, फोटो आहेत ना, तेच स्कॅन करून घ्या आणि निगेटिव्ह टाकून द्या. टाकू का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : ताई, टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो. निगेटिव्ह हे मूळ आणि फोटो ही त्याची प्रत. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं निगेटिव्हमध्ये असतं. फोटोत आम्ही स्टुडिओवाल्यांनी ठेवलं तेवढंच उरतं.

एक उदाहरण देतो. क्लिक थ्रीची निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, चौकोनी. एका रोलवर १२ फोटो. पण आमचा फुल साइझचा कागद १० बाय १२ इंची. चौकोन त्यावर बसवायचा तर दोन बाजू कापाव्याच लागत. काही वर्षांपूर्वी एका घरच्या लग्नाच्या निगेटिव्ह माझ्याकडे आल्या. उस्तादांच्याच स्टुडिओत त्या धुतल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोत नवरा-नवरी दोघंच. निगेटिव्ह स्कॅन केली तर उजव्या कडेला, माजघराच्या दारात, पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई. नवऱ्याची विधवा आत्या. तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि मंगलकार्यात पुढं यायचं नाही म्हणून ती दारात उभी राहून पाहत होती. त्या घरात तिचा दुसरा एकही फोटो नव्हता. कागदात बसत नाही म्हणून ती कापली गेली होती आणि निगेटिव्हमध्ये पन्नासेक वर्षं तशीच उभी होती.

आता काळ्या ठोकळ्याचं. साधा स्कॅनर कागदावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड वाचतो. निगेटिव्हला उजेड पलीकडून, आरपार यावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा. एप्सनचा व्ही ६०० त्यातलाच, त्यावर तुमची याशिकाची ३५ मिलिमीटरची पट्टी आणि चौकोनी निगेटिव्ह, दोन्ही चालतात. बाजारात छोट्या डबीसारखे स्वस्त निगेटिव्ह स्कॅनर मिळतात. त्यांच्या आत साधा मोबाइलसारखा कॅमेरा असतो. कपाळावरचा उजेड पांढरा फटक आणि केस काळे मिट्ट येतात. मी ते घ्या म्हणणार नाही.

किती डीपीआय, म्हणजे एका इंचात किती बिंदू, हे प्रत्येक जण विचारतो. ३५ मिलिमीटरची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. २४०० डीपीआयला तिच्यात ७७ लाखांच्या आसपास बिंदू येतात, ३२०० ला सुमारे १ कोटी ३७ लाख. घरच्या फोटोंना ३२०० पुरे. चौकोनी निगेटिव्हला २४०० पुष्कळ झालं, कारण ती मुळातच मोठी. खोक्यावर ६४०० छापलेलं असलं तरी घरच्या सपाट स्कॅनरचं भिंग तेवढं बारीक पाहू शकत नाही. फाइल फुगते, फोटोत काही वाढत नाही. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे काही न गाळता सगळं ठेवणाऱ्या प्रकारात ठेवा, जमल्यास १६ बिटची, म्हणजे छटा जास्त राहतात, आणि पाठवापाठवीसाठी तिच्यापासून छोटी जेपेग करा. स्कॅनरच्या खिडकीत ‘धूळ काढा’ अशी एक सोय दिसेल. ती इन्फ्रारेड उजेडानं धूळ ओळखते आणि रंगीत निगेटिव्हवर झकास चालते. काळ्या-पांढऱ्यावर मात्र बंदच ठेवा. तिथं चित्र चांदीचं असतं, चांदी तो उजेड अडवते, आणि यंत्र नाक-डोळ्यांनाच धूळ समजून पुसायला लागतं.

घरात कोणाकडे चांगला कॅमेरा आणि अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स असेल तर तोही मार्ग आहे. पांढऱ्या एलईडी पाटीवर निगेटिव्ह सपाट धरायची, वरून कॅमेरा स्टँडला बांधायचा, खोलीत अंधार. कॅमेरा सरळ आहे का ते पाहण्यासाठी पाटीवर छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चित्राच्या बरोब्बर मध्ये दिसलं की कॅमेरा समांतर. मी अलीकडे असंच करतो, पुष्कळ वेळ वाचतो.

साफ करताना आधी ब्लोअरची हवा, मग मऊ ब्रश. ओला कपडा नको. आणि एक गोष्ट आजकालच्या दुकानांत कोणी सांगणार नाही. स्टुडिओत काढलेल्या मोठ्या निगेटिव्हची मंद, बिनचकाकीची बाजू तिरपी धरून पाहा. चेहऱ्यावर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतील. ते रिटचिंग आहे. सुरकुत्या, देवीचे व्रण झाकायला आम्ही भिंगाखाली ते करत होतो. ती बाजू पुसली की ते काम गेलं.

काम दुकानात देणार असाल तर आधी एकच पट्टी देऊन पाहा. पट्ट्या मोजून द्या, मोजून घ्या, आणि कापायच्या नाहीत असं बजावून सांगा. एकेक चौकट सुटी केली की ती पुन्हा स्कॅनरच्या कुठल्याच होल्डरमध्ये, म्हणजे पट्टी धरायच्या साच्यात, धड बसत नाही.

प्रश्न : आमचं जुनं घर नारायण पेठेत. पानशेतच्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावरची पत्र्याची पेटी वाचली. तिच्यात वडिलांनी १९५८ ते ६३ मध्ये काढलेल्या निगेटिव्ह आहेत. परवा पेटी उघडली तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. काही निगेटिव्ह सुरळीसारख्या वळल्या आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : १२ जुलै १९६१ ला वाचलेली पेटी आता पुन्हा वाचवायची आहे, आणि घाई यावेळी खरंच करायची आहे. फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्णतेनं आणि दमटपणानं तो कुजू लागला की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, तोच हा वास. बंद पेटीत ते ॲसिड कोंडतं आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही लागतं. यावर औषध नाही, फक्त वेग कमी करता येतो.

आजच वासाच्या निगेटिव्ह वेगळ्या काढा. पत्र्याची पेटी सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात, वारा लागेल अशा थंड, कोरड्या जागी ठेवा. वळलेल्या निगेटिव्ह जोर लावून सरळ करू नका, तडकतील. स्कॅनिंगमध्ये पहिला नंबर त्यांचा. पुढं फिल्म आकसते, वरचा चित्राचा थर तिच्यापासून सुटून सुरकुततो, मग कुठलंही यंत्र आलं तरी चेहरा सापडत नाही.

कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ हा शब्द आहे का तेही भिंगानं पाहा. असेल तर आगीची धास्ती नाही. त्याहून जुनी, तो शब्द नसलेली, तपकिरी-चिकट झालेली फिल्म निघाली तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट भडाडून पेटतं. तुमच्याच पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जानेवारी २००३ मध्ये अशाच फिल्मच्या गोदामाला आग लागून भारतीय सिनेमाचा केवढा ठेवा गेला. तशी फिल्म स्कॅनरवर ठेवू नका, घरातून बाजूला काढा आणि राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात जाणकारांना विचारा. ते पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमचा अल्बम भिजला. तेव्हा उन्हात वाळवला. आता फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली आहे. सासूबाईंचा मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. सोडवता येईल का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा माझ्या गल्लीतही आली होती, त्यामुळं वीट म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओला असताना तो फुगतो, चिकटतो, आणि तसाच वाळला की सरसासारखा बसतो. पूर ओसरला त्या दिवशी फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवून पाण्यातच एकेक सुटा करून मच्छरदाणीवर चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवले असते तर बहुतेक निघाले असते. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या दिवशी घरात चिखल किती आणि माणसं किती, हे मी पाहिलं आहे. कोकणात पुढच्या पावसाआधी वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहितो. अशी वेळ आली आणि दोन दिवसांत हात लावायला जमणार नसेल, तर ओले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठलेले असेपर्यंत बुरशी थांबते.

आता विटेचं. पुन्हा पाण्यात घालण्याचा मोह होईल. पण मधल्या वर्षांत बुरशी धरली असेल तर तिनं जिलेटिन पोखरलेलं असतं, आणि तसा थर पाण्यात चित्रासकट विरघळतो. म्हणून आधी अल्बममधला सगळ्यात कमी महत्त्वाचा, शक्यतो काळा-पांढरा फोटो निवडा, त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच मिनिटं पाहा. रंग किंवा काळेपण सुटलं तर तिथंच थांबा. कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो असतील तर त्यांना थेंबही लावू नका.

सासूबाईंचा फोटो काचेवरून ओढू नका. चेहरा काचेवर राहील आणि हातात कागद येईल. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा आणि खिळे अलगद काढा, काच आणि फोटो एकत्रच राहू द्या. काच बाहेरून पुसा आणि तशीच स्कॅनरवर ठेवा, किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दिवे लावून कॅमेऱ्यानं टिपा. कॅमेऱ्यामागं काळी चादर धरली की काचेत तुमचं प्रतिबिंब उमटत नाही. जिथं चिकटलंय तिथं गडद डाग दिसतो, तो संगणकावर बराचसा उतरवता येतो. चांगली फाइल हाती आल्यावर मूळ फोटो काचेसकट जपून ठेवा.

आणि त्या विटेतल्या फोटोंच्या निगेटिव्ह कुठं आहेत ते शोधा. दीर-नणंदांच्या घरी विचारा. एकाच रोलच्या प्रती दोन-तीन घरांत वाटलेल्या असत आणि निगेटिव्हची पिशवी ज्यानं पैसे दिले त्याच्याकडे राहत असे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. आई ८४ वर्षांची, डोंबिवलीत एकटी असते. डिसेंबरात १२ दिवसांसाठी येतोय. घरात ११ अल्बम आहेत. येताना स्कॅनर आणू का? १२ दिवसांत सगळं होईल?
— एक वाचक

उत्तर : सगळं होणार नाही, आणि स्कॅनर आणू नका. १२ दिवसांत जे फक्त तुम्हीच करू शकता तेवढं करा. ते काम म्हणजे आईशेजारी बसणं.

माझ्या आईच्या माहेरचा एक ग्रुप फोटो माझ्याकडे आहे. मिरजेच्या वाड्याच्या पायऱ्यांवर १४ माणसं. मी धंद्यानं फोटोग्राफर, त्या फोटोची निगेटिव्हवरून केलेली प्रत इतकी स्वच्छ आहे की मामाच्या अंगरख्याचे बंद मोजता येतात. आई २००९ साली गेली तेव्हा मला त्यातली तीन नावं माहीत होती. अकरा चेहरे माझ्याच रक्ताचे आहेत आणि मी त्यांना ओळखत नाही. आई रोज दुपारी स्टुडिओत डबा घेऊन यायची. पाच मिनिटं विचारायचं होतं.

तर पहिल्या दिवशी मोबाइल खिडकीपाशी घेऊन बसा. सकाळचा दहा-अकराचा उजेड, थेट ऊन नको, पंखा बंद, फ्लॅश बंद. प्रत्येक अल्बमचं प्रत्येक पान आहे तसं अख्खं टिपा. एकही फोटो आधी काढू नका. कोणता फोटो कोणाशेजारी लावला आहे, त्यावरूनच पुढं साल आणि प्रसंग लागतो. पानांना क्रमांक द्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी आईची झोप झाली की एक अल्बम, एवढंच. मोबाइलवर आवाज टिपायला लावा आणि बाजूला ठेवा. ‘हे कोण?’ असं परीक्षेसारखं विचारू नका, नाव आठवलं नाही की त्या खट्टू होतात आणि अल्बम मिटतात. ‘हे कुठलं घर?’, ‘ही साडी कोणाची?’, ‘इथं तू का हसतेयस?’ असं विचारा. नावं गोष्टीतून आपोआप येतात. बोलताना पानाचा क्रमांक मोठ्यानं म्हणत जा, म्हणजे अमेरिकेत गेल्यावर कुठली गोष्ट कुठल्या फोटोची ते कळेल. एका बैठकीला तासभर पुरे.

मग त्यातले दीडशे-दोनशे फोटो निवडा. ते पुढं नीट स्कॅन होतील, डोंबिवलीत नाहीतर ठाण्यात, घाई न करता. कागदी फोटोला ६०० डीपीआय ठेवायला सांगा, पासपोर्ट साइझला १२००. मागची बाजूही स्कॅन करायला लावा. स्टुडिओचा शिक्का, ‘चि. सौ. कां.’ अशी कोणाच्या तरी हातची अक्षरं, तारीख, सगळं मागं असतं.

तुमच्या ११ अल्बमांत दोन-चार तरी चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पडदा असलेले असतील. १९७५ नंतर घरोघरी ते आले. सोयीचे म्हणून आम्हीच ते विकले, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. फोटो वर येत नसेल तर दातांच्या फटी साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू पुढं न्या. तरीही अडला तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. इस्त्री किंवा गरम हवा कोणी सुचवली तर ऐकू नका. त्या काळातले रंगीत फोटो लालसर झाले असतील. त्यातला निळसर थर अंधारातसुद्धा उडतो, म्हणून कपाटात जपलेले फोटोही लाल होतात. स्कॅननंतर तो रंग पुष्कळसा परत आणता येतो, त्याची चिंता करू नका.

नावं फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या मथळ्याच्या रकान्यात लिहा, ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून. साल पक्कं नसेल तर ‘१९६० ते ६५’ असंच लिहा. कागदी फोटोच्या मागं लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढं चेहऱ्यावर उमटतो.

प्रश्न : २००६ साली लग्नाचे फोटो स्टुडिओनं सीडीवर दिले. तेच कपाटात आहेत. पुरेसं आहे ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर काळानं आणि उन्हाळ्यानं जातो. सीडी वाचणारा कॉम्प्युटर मिळेल तिथून या आठवड्यात फाइल उतरवून घ्या. तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. एक डिस्क दुसऱ्या गावी, भावाकडे-बहिणीकडे ठेवा, म्हणजे पूर आला तरी एक राहील. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो. कपाटात निगेटिव्ह असतील तर डांबराच्या गोळ्या तिथून काढा आणि मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाकीटही बदला. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या.

प्रश्न : आजीचा एकच फोटो आहे, काळा-पांढरा, १९४० च्या आसपासचा. नातवानं मोबाइलवरच्या ॲपनं तो रंगीत आणि एकदम स्पष्ट केला. सगळ्यांना आवडला. पण मला ती आजी वाटत नाही. माझंच काही चुकतंय का?
— एक वाचिका, पणजी

उत्तर : तुमचे डोळे बरोबर पाहतायत. फोटोत जिथं तपशील उरलेला नाही तिथं ते ॲप हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज करून डोळे, दात, कातडी भरतं. तुम्हाला जी परकी वाटली ती खरोखरच परकी आहे. नातवाला रागावू नका, त्यानं प्रेमानंच केलं. पण मूळ स्कॅन वेगळा, हात न लावता ठेवा आणि रंगीत फाइलच्या नावातच ‘ॲपनं रंगवलेला’ असं लिहा. नाहीतर आणखी वीस वर्षांनी हीच बाई तुमची आजी म्हणून भिंतीवर असेल.

रंगाचंही तसंच. त्या काळातल्या पुष्कळशा फिल्मला लाल रंग दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळं येतं आणि लाल लुगडं गडद. यंत्र त्या गडदपणावरून निळं ठरवतं, जांभळं ठरवतं. आमच्याकडे हातानं फोटो रंगवणारे कारागीर होते, ते असं कधी करत नसत. ब्रश उचलण्याआधी घरच्या बाईला विचारायचे आणि फोटोच्या मागं टिपून ठेवायचे, ‘शालू मोतिया, काठ हिरवा, कुडी मोत्यांची’. तुमच्या फोटोच्या मागं काही लिहिलंय का ते आधी पाहा. नसेल तर आत्याला, मामेबहिणीला, आजीचं ते लुगडं पाहिलेलं जे कोणी असेल त्यांना आज फोन करा आणि रंग विचारून पेन्सिलीनं मागं लिहा.